सहसंस्थापकाला कंपनीतून कायदेशीर मार्गाने दूर करणे : संचालकपद, समभाग आणि सॉफ्टवेअरची मालकी

धागाकर्ता, बाणेर

नमस्कार. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चाकण आणि भोसरी परिसरातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी गोदामातील मालाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करते. विक्री, वसुली आणि हिशेब मी पाहतो, तर सॉफ्टवेअरची संपूर्ण बांधणी माझ्या सहसंस्थापकाकडे आहे. तो माझा अभियांत्रिकी महाविद्यालयापासूनचा मित्र आहे आणि सुरुवातीच्या काळात त्याने जीव ओतून काम केले, हे मी आधीच नोंदवतो. गेल्या वर्षभरात मात्र ठरलेल्या तारखा सातत्याने चुकत आहेत, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर जात नाही आणि त्याने दुसऱ्या एका कंपनीचे सल्लागारपद स्वीकारल्याचे आम्हाला बाहेरून कळले. अनेकदा समोरासमोर बसून बोलणे झाले, परंतु फरक पडला नाही.

माझ्याकडे ५५ टक्के समभाग आहेत, त्याच्याकडे ३५ टक्के आणि एका गुंतवणूकदाराकडे १० टक्के. संचालक आम्ही दोघेच आहोत. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, नोंदणीच्या वेळचीच छापील नमुन्याची आहे. संस्थापकांमध्ये वेगळा करार नाही आणि व्हेस्टिंगची, म्हणजे ठरावीक काळ काम केल्यावरच समभाग टप्प्याटप्प्याने पक्के होण्याची, अटही नाही. त्याला संचालकपदावरून दूर करता येईल का, त्याचे समभाग परत घेता येतील का, आणि हे सर्व त्याच्यावर अन्याय न होता कसे पार पाडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कंपनी सचिव, शिवाजीनगर

आपले सहकारी एकाच वेळी संचालक आहेत, पगार घेत असल्यास कर्मचारी आहेत आणि शिवाय भागधारक आहेत. ही नाती वेगवेगळ्या कायदेशीर मार्गांनी संपतात आणि एक संपले म्हणून दुसरे आपोआप संपत नाही. संचालकपदाविषयी मी सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ नुसार भागधारक साधारण ठरावाने, म्हणजे साध्या बहुमताने, कोणत्याही संचालकाला मुदत संपण्यापूर्वी दूर करू शकतात. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नेमलेला संचालक. हा अधिकार भागधारकांच्या सर्वसाधारण सभेचा आहे, संचालक मंडळाचा नाही. मंडळाच्या बैठकीत बहुमताने ठराव करून सहसंस्थापकाला संचालकपदावरून काढल्याचे ईमेल पाठवणारे लोक मला दरवर्षी भेटतात, आणि अशा ठरावाला काडीचीही किंमत नसते.

ठरावासाठी कलम ११५ खालील विशेष सूचना लागते. किमान एक टक्का मताधिकार असलेल्या भागधारकाने ती सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे द्यायची असते, आणि या १४ दिवसांत सूचनेचा व सभेचा दिवस धरायचा नसतो. सूचना तीन महिन्यांहून जुनीही चालत नाही. ती मिळताच कंपनीने तिची प्रत संबंधित संचालकाला तत्काळ पाठवली पाहिजे. त्या संचालकाला लेखी निवेदन देण्याचा, ते भागधारकांना पाठवावे अशी मागणी करण्याचा आणि सभेत स्वतः बोलण्याचा हक्क आहे. निवेदन वेळेत पाठवता आले नाही तर ते सभेत वाचून दाखवण्याची मागणीही तो करू शकतो. मतदानाचा निकाल आधीच ठाऊक असला तरी ही संधी मनापासून आणि पूर्ण द्यावी. ठराव न्यायालयात टिकतो की पडतो हे बहुतेक वेळा इथेच ठरते.

ठरावात कारण लिहिण्याची सक्ती कायद्यात नाही. भारतीय आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की संचालक बदलण्यासाठी सभा मागवणाऱ्या भागधारकाला कारणे उघड करणे बंधनकारक नाही. तरीही कारणे लिहून ठेवावीत असे माझे मत आहे, कारण पुढे तक्रार झाली तर हेतू स्वच्छ होता हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

आणखी एक अडचण आपल्याला लगेच येईल. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन संचालक असावे लागतात, म्हणून त्याच सभेत नव्या संचालकाची नेमणूक ठेवावी आणि तिचीही विशेष सूचना द्यावी. ठरावानंतर ३० दिवसांत संचालक बदलल्याची माहिती देणारा डीआयआर-१२ हा फॉर्म कंपनी निबंधकांकडे भरावा लागतो. पुण्याचे कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ आहे, परंतु फॉर्म ऑनलाइनच जातो. सोबत सूचना, त्या पोहोचल्याचा पुरावा आणि ठरावाची प्रत जोडावी. समोरच्या संचालकाने निबंधकांकडे हरकत घेतली तर कंपनीवर व्यवस्थापनाचा वाद असल्याची खूण लागू शकते आणि पुढचे फॉर्म अडकतात, म्हणून स्पीड पोस्टच्या पावतीपासून सर्व कागद जपून ठेवावेत.

धागाकर्ता, बाणेर

आपले मनःपूर्वक आभार. माझी अडचण अशी आहे की सभा बोलावण्यासाठी मंडळाची बैठक घ्यावी लागते, आणि बैठकीच्या सूचनेला तो उत्तरच देत नाही. दोनच संचालक असल्यामुळे तो न आल्यास गणपूर्ती होत नाही. सलग बैठकांना गैरहजर राहिल्यास पद आपोआप जाते असे मी वाचले आहे. तो मार्ग खुला आहे का?

कंपनी सचिव, शिवाजीनगर

कलम १६७ नुसार बारा महिन्यांच्या काळात झालेल्या मंडळाच्या सर्व बैठकींना जो संचालक गैरहजर राहतो त्याचे पद रिक्त होते, मग त्याने रजा मागितलेली असो वा नसो. मात्र बैठक झालेली असावी लागते. मंडळाची गणपूर्ती दोन संचालकांची किंवा एकतृतीयांश संख्येची, यांपैकी जी जास्त असेल ती असते. दोघांपैकी एकजण आला नाही तर बैठक भरलीच नाही, आणि जी बैठक भरली नाही तिला ते गैरहजर होते असे म्हणणे कठीण आहे. त्या मार्गावर आपण भिस्त ठेवू नये.

आपल्यासाठी कलम १०० योग्य आहे. किमान एकदशांश मताधिकाराचे भागधारक लेखी मागणी करून सभा बोलावण्यास सांगू शकतात आणि आपल्याकडे ५५ टक्के आहेत. मागणी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोहोचवावी आणि तिच्यात ठरावाचा विषय स्पष्ट लिहावा. मंडळाने २१ दिवसांत सभा बोलावली नाही, तर मागणी करणारा भागधारक स्वतः सभा बोलावू शकतो. ती मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात भरवावी. आर्टिकल्समध्ये वेगळी तरतूद नसेल तर सभेची सूचना पूर्ण २१ दिवसांची लागते, त्यामुळे दीड महिन्याहून अधिक काळ जाईल असे गृहीत धरावे.

दोन गोष्टी विशेष जपाव्यात. प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन भागधारक प्रत्यक्ष हजर लागतात, आणि भागधारकांच्या मागणीवरून बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी पुढे ढकलली जात नाही, तर थेट रद्द होते. म्हणून गुंतवणूकदारांची उपस्थिती आधीच निश्चित करावी. गुंतवणूकदार नसते आणि आपण दोघेच भागधारक असता, तर कलम ९८ खाली न्यायाधिकरणाकडून सभेचा आदेश आणावा लागला असता. दुसरे असे की हात वर करून मतदान झाले तर प्रत्येक भागधारकाचे एकच मत धरले जाते. गुंतवणूकदार सहसंस्थापकांच्या बाजूने गेले तर आपले ५५ टक्के असूनही दोनास एक असा ठराव पडेल. सभेत मतमोजणीची, म्हणजे पोलची, मागणी करावी. एकदशांश मताधिकाराच्या भागधारकाला तो हक्क आहे. ज्या विषयावर संचालकाला बोलण्याचा हक्क आहे तो टपाली मतदानाने घेता येत नाही, म्हणून सभा भरवण्याला पर्याय नाही.

वकील, कोथरूड

वरील प्रतिसादातली प्रक्रिया बरोबर आहे. समभागांचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे, आणि धागाकर्त्यांनी सभेची सूचना काढण्यापूर्वी त्याचा विचार केला पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

संचालकपद गेले तरी ३५ टक्के समभाग त्यांच्याच नावावर राहतील. समभाग ही मालमत्ता आहे आणि करारात किंवा आर्टिकल्समध्ये तशी तरतूद नसताना केवळ काम समाधानकारक नाही म्हणून ती काढून घेता येत नाही. विशेष ठरावासाठी विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात. याचा अर्थ २५ टक्क्यांहून अधिक समभाग असलेली व्यक्ती असा प्रत्येक ठराव एकट्याने अडवू शकते. आर्टिकल्स बदलणे असो की नव्या गुंतवणूकदाराला समभाग देणे असो, दोन्हींसाठी विशेष ठराव लागतो. त्यांना संचालकपदावरून दूर करून आपण मोकळे व्हाल आणि पुढच्याच गुंतवणुकीच्या वेळी त्यांच्याच दारात उभे राहाल.

यावर उपाय म्हणून काही सल्लागार हक्काचे नवे समभाग, म्हणजे आहे त्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ केलेले समभाग, काढून त्यांचा हिस्सा पातळ करायला सांगतात. कंपनीला खरोखर भांडवल हवे असेल आणि त्यांनाही त्यांच्या प्रमाणात देकार गेला असेल तर ते वैध आहे. केवळ ताबा मिळवण्यासाठी तसे केले तर ते टिकत नाही. डेल अँड कॅरिंग्टन विरुद्ध प्रतापन या २००४ च्या निकालात व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःला वाटून घेतलेले समभाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण संचालकाने आपला अधिकार विश्वस्ताच्या भूमिकेतून वापरायचा असतो.

कलम २४१ खाली दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार करण्यासाठी भांडवलाचा एकदशांश हिस्सा पुरतो, आणि त्यांच्याकडे त्याहून कितीतरी अधिक आहे. पुण्याच्या कंपन्यांचे असे अर्ज मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री यांच्या वादात २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एखाद्याला पदावरून दूर करणे एवढ्यावरून दडपशाही सिद्ध होत नाही. हा निकाल आपल्याला आधार देतो. परंतु दोन मित्रांनी परस्परविश्वासावर उभी केलेली छोटी कंपनी ही भागीदारीसारखी मानावी, असा युक्तिवाद समोरून होणारच. इंग्लंडच्या एब्राहिमी प्रकरणात गालिच्यांच्या व्यापारातल्या एका भागीदाराला बाप-लेकांनी नियमाप्रमाणे संचालकपदावरून काढले होते, तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. आपली न्यायालये हे तत्त्व सावधपणे लावतात, पण नाकारत नाहीत. शिवाय कलम २४२ खाली न्यायाधिकरण एका गटाला दुसऱ्याचे समभाग विकत घेण्याचा आदेश देऊ शकते. किमतीची बोलणी टळत नाहीत. ती आज टेबलावर बसून करायची की काही वर्षांनी मूल्यांकनकारांच्या अहवालांवर भांडत करायची, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.

वाचक, औंध

आम्ही तिघे मिळून कंपनी काढण्याच्या बेतात आहोत. व्हेस्टिंगची अट संस्थापकांच्या करारात घातली तर पुरेसे आहे का?

वकील, कोथरूड

करारात घालाच, परंतु तीच अट आर्टिकल्समध्येही उतरवा. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की समभागांच्या हस्तांतरणावरचे जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीला बांधत नाही. प्रचलित पद्धत चार वर्षांच्या व्हेस्टिंगची आहे, ज्यात पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्के होत नाही आणि पुढे दरमहा किंवा दर तिमाहीला हिस्सा पक्का होत जातो. स्वखुशीने सोडणारा, आजारपणामुळे थांबलेला आणि फसवणूक केल्यामुळे काढलेला, या प्रत्येकासाठी समभागांची किंमत वेगळी लिहावी. त्यातही काम असमाधानकारक ठरले असे कोणी, कशाच्या आधारे आणि किती वेळ देऊन ठरवायचे, हे शब्दांत मांडावे, कारण भांडण नेमके तिथे होते.

माजी सहसंस्थापक, पिंपळे सौदागर

मी या वादाच्या दुसऱ्या बाजूला होतो, म्हणून लिहीत आहे. माझ्या पूर्वीच्या कंपनीत माझे ईमेल आणि सर्व्हरचा प्रवेश आधी बंद झाला आणि विशेष सूचना नंतर आली. माझ्या कामाविषयी जे आक्षेप होते त्यांतले निम्मे मला त्या सूचनेतूनच पहिल्यांदा कळले. त्यानंतर ज्या किमतीला मी आनंदाने समभाग विकले असते त्या किमतीला मी तयार झालो नाही. प्रश्न पैशांचा राहिलाच नव्हता.

धागाकर्त्यांना माझी विनंती आहे की बोलण्यातले आक्षेप आता लिहून द्यावेत. कोणत्या जबाबदाऱ्या, कोणत्या तारखा, कोणते ग्राहक हे नेमके लिहावे आणि सुधारण्यासाठी खरी मुदत द्यावी. त्यांची बाजूही लिहून मागवावी. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या माणसावर विक्रीच्या वेळी दिलेल्या आश्वासनांचा भार पडतो आणि तो हिशेबात येत नाही, असे मी अनेक कंपन्यांत पाहिले आहे. आपल्याकडे तसे असेलच असे मी म्हणत नाही, परंतु विचारून घ्यावे. शिवाय ते संचालक आहेत तोपर्यंत कंपनीची हिशेबपुस्तके पाहण्याचा हक्क त्यांना कलम १२८ ने दिलेला आहे. तो अडवू नये.

धागाकर्ता, बाणेर

आपण हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. त्याला लेखी पत्र मी या आठवड्यात देईन आणि त्याची बाजू मागवीन. प्रवेश बंद करण्याचा विचार खरोखरच माझ्या मनात होता, कारण संपूर्ण सोर्स कोड त्याच्या खात्यावर आहे आणि त्याची मला धास्ती वाटते.

सॉफ्टवेअर उद्योजिका, बालेवाडी

धास्ती रास्त आहे, पण प्रवेशापेक्षा मालकीचा प्रश्न मोठा आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कामाची मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. संस्थापक हा कर्मचारी असतोच असे नाही. त्यांचा नेमणुकीचा करार नसेल, सुरुवातीला पगार नसेल, किंवा कंपनी नोंदवण्यापूर्वीच त्यांनी कोड लिहायला घेतला असेल, तर त्या कोडचे मालक तेच आहेत असा दावा ते करू शकतात. आपले ग्राहक ज्या सॉफ्टवेअरचे पैसे देतात ते कंपनीचे नाही असे निघाले, तर ५५ टक्के कशाचे, हा प्रश्न उभा राहील.

म्हणून समझोत्याच्या बोलणीत लेखी हक्क-हस्तांतरण पहिल्या क्रमांकावर ठेवावे. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते व प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते हस्तांतरण मानले जाते. मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घ्यावेत. कोडचे भांडार, डोमेन आणि क्लाउडची खाती कंपनीच्या ईमेलवर वळवण्याचा ठरावही करून घ्यावा, मात्र तो त्यांच्या माहितीने आणि त्यांचा वापर चालू ठेवून.

बाहेर पडल्यावर त्यांनी स्पर्धक कंपनी काढू नये असे करारात लिहायचा मोह होईल. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन आपल्याकडे अंमलात येत नाही. व्यवसायाच्या नावलौकिकासह विक्री होत असेल तर वाजवी मर्यादेत अपवाद आहे. गुप्त माहिती आणि ग्राहकांच्या नोंदी न वापरण्याची अट मात्र टिकते, त्यामुळे तिच्यावरच भर द्यावा.

सनदी लेखापाल, सदाशिव पेठ

समभागांच्या किमतीविषयी लिहितो. मैत्रीखातर सहसंस्थापकांनी आपल्याला दर्शनी किमतीला समभाग दिले तर दोघांनाही कर लागू शकतो. समभागांचे नियमाप्रमाणे काढलेले मूल्य आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतला फरक ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर तो घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही त्याच नियमाधारित मूल्यावर मोजला जातो. म्हणून आधी मूल्यांकन अहवाल घ्यावा. समभाग त्यांच्याकडे २४ महिन्यांहून अधिक काळ असतील तर त्यांचा नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के दराने कर बसतो. हस्तांतरणाचे मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे नगण्य आहे. कंपनी छोट्या कंपनीच्या व्याख्येबाहेर गेली असेल तर समभाग आधी डीमॅट करावे लागतील.

कंपनीनेच पुनर्खरेदी करण्याचा पर्याय आपल्याला बहुधा पुरणार नाही. एका वर्षात २५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि पैसा मोकळ्या राखीव निधीतून किंवा तशा ठरावीक स्रोतांतून यावा लागतो. आपण आणि गुंतवणूकदार मिळून हप्त्याने विकत घेणे अधिक व्यवहार्य वाटते. त्यांच्याकडे दहा टक्क्यांच्या आत हिस्सा राहू दिला तर रोख रक्कम कमी लागेल, विशेष ठराव अडणार नाहीत आणि त्यांनी सुरुवातीला केलेल्या कामाचा मोबदलाही त्यांना मिळत राहील. मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो.

कंपनीच्या नावे बँकेचे कर्ज आहे का, आणि त्याला दोघांची वैयक्तिक हमी आहे का?

धागाकर्ता, बाणेर

होय, खेळत्या भांडवलाचे कर्ज आहे आणि दोघेही हमीदार आहोत. त्याला अशा टप्प्याटप्प्याच्या विक्रीचा प्रस्ताव द्यावा असे मलाही वाटू लागले आहे. काल गुंतवणूकदारांशी बोललो, तेही काही हिस्सा घ्यायला तयार आहेत.

सनदी लेखापाल, सदाशिव पेठ

मग हमीचा विषय प्रस्तावात आपणहून घाला. संचालकपद सोडल्याने हमी संपत नाही. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक लेखी मुक्त करत नाही तोपर्यंत ती राहते. बाहेर पडलेल्या माणसाच्या घरावर टांगती तलवार राहणे योग्य नाही. बँक पर्यायी हमी किंवा तारण मागेल, म्हणून शाखेशी बोलणी आताच सुरू करावीत.

कंपनी सचिव, शिवाजीनगर

समझोता जुळत असेल तर कलम १६९ ची गरज राहत नाही. कलम १६८ खाली ते राजीनामा देऊ शकतात. राजीनामा कंपनीला मिळाल्याच्या किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तेव्हापासून लागू होतो. डीआयआर-१२ कंपनीने ३० दिवसांत भरायचा असतो, आणि कंपनीने भरला नाही अशी भीती वाटल्यास ते स्वतः राजीनाम्याची माहिती देणारा डीआयआर-११ भरू शकतात, हे त्यांना आवर्जून सांगा. राजीनामा लागू होण्यापूर्वी दुसऱ्या संचालकाची नेमणूक त्यांच्या उपस्थितीतल्या बैठकीत करून घ्यावी, कारण ते गेल्यावर आपण एकटे बैठक घेऊ शकणार नाही. समभाग विक्रीचा करार, सॉफ्टवेअरच्या हक्कांचे हस्तांतरण, राजीनामा आणि बँकेचे हमीमुक्तीचे पत्र हे सर्व एकाच दिवशी, एकाच टेबलावर स्वाक्षरीला ठेवावे, आणि त्यांना स्वतःचा वकील घेऊन येण्यास आपणच सांगावे. पुढे कोणी दबावाखाली सही घेतल्याचा आरोप केला, तर त्यांच्या वकिलांची उपस्थिती दोघांनाही उपयोगी पडेल.